डोसचा आकडा कोपऱ्यात लपवू नका: एक्स-रे यंत्रं घडवणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

प्रति,
एक्स-रे यंत्रं, त्यांचे कन्सोल आणि सॉफ्टवेअर तयार करणारे अभियंते

सप्रेम नमस्कार.

मी 1997 पासून एक्स-रे काढते. तालुक्याच्या गावातलं रुग्णालय, एकच खोली, बहुतेक वर्षं एकच यंत्र आणि मी एकटीच. तुमच्यापैकी कुणाची माझी ओळख नाही. तरी मराठीत लिहिते आहे, कारण एक्स-रेची यंत्रं आता पुण्याजवळ चाकणला बनतात, गोव्यात वेर्ण्याला बनतात, आणि ती बनवणाऱ्यांत मराठी मुलंमुली नसतील असं होणार नाही. हे पत्र त्यांच्या हाती पडलं तर वरच्यांपर्यंत ते नीट पोचवतील.

गेल्या वर्षी श्रावणात आठ महिन्यांची एक मुलगी आली. ताप, धाप, छातीत घरघर. आजीने तिचे हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवले. मी आजीला लेड अ‍ॅप्रन घातला, रडण्याच्या मधे श्वास आत जायची वाट पाहिली आणि बटण दाबलं. काही सेकंदांत पडद्यावर चित्र उमटलं. इतकं स्वच्छ, की डॉक्टर मुद्दाम खोलीपर्यंत येऊन म्हणाले, "फोटो मस्त आलाय, मॅडम." उजवीकडे खाली न्यूमोनिया होता, तो लगेच कळला. उपचार झाले, आठवड्याभरात मुलगी बरी होऊन घरी गेली.

संध्याकाळी दिवसभराच्या फोटोंची यादी लावताना मी त्या फोटोची सविस्तर माहिती उघडली. एका बटणातून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्या. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, डीआय +6.

हे पत्र रुग्णांचे नातेवाईकही वाचतील, म्हणून तो आकडा काय सांगतो ते आधी लिहिते. डीआय (डेव्हिएशन इंडेक्स) म्हणजे डिटेक्टरपर्यंत, म्हणजे रुग्णामागे किरण टिपून चित्र बनवणाऱ्या पाटीपर्यंत, किरण हवे होते तेवढेच पोचले की कमी-जास्त, याचं माप. शून्य म्हणजे बरोबर. अधिक एक म्हणजे सुमारे सव्वापट, अधिक तीन म्हणजे दुप्पट, उणे तीन म्हणजे निम्मे. अधिक सहा म्हणजे चौपट. त्या चिमुरड्या जिवाला मी लागत होते त्याच्या चौपट किरण दिले होते, आणि त्यावर मला शाबासकी मिळाली होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. तिच्या आधी एक थोराड गडी छातीच्या फोटोला आला होता. नवीन रुग्णाचं नाव घातल्यावर यंत्र मोठ्या माणसाच्या छातीच्या सेटिंगवरच उघडलं होतं. बाहेर रांग, आत रडणारं मूल. यादीतून 'बालक' निवडायचं राहून गेलं. चूक माझी आहे. बटण माझ्या अंगठ्याने दाबलं, ते मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. पण ही चूक संध्याकाळपर्यंत मला कुणीच सांगितली नाही, आणि ती सांगणारा आकडा तुमच्या यंत्राने तिसऱ्या पानाच्या तळाशी ठेवला होता. हे पत्र त्या जागेबद्दल आहे.

मी फिल्मच्या काळात शिकले. डार्करूममध्ये लाल दिवा, एका टाकीत डेव्हलपर, एका टाकीत फिक्सर, हँगरला लावलेली ओली फिल्म. आमचं पहिलं यंत्र शंभर एमएचं (एमए म्हणजे नळीतला प्रवाह) होतं, सिंगल फेज. गावात दुपारी मोटारी चालू झाल्या की लाइट पडायची. मग कन्सोलवरची सुई लाल खुणेपाशी येईपर्यंत व्होल्टेजचा नॉब फिरवायचा आणि त्यानंतरच फोटो काढायचा. सुई जागेवर नसताना फोटो काढला तर फिल्म पांढरट यायची. किरण जास्त झाले तर फिल्म काळी पडायची, आम्ही म्हणायचो 'जळली'. जळलेली फिल्म घेऊन डॉक्टरांसमोर जायची लाज वाटायची. फिल्मचा हिशेब वहीत द्यावा लागायचा. दहा फिल्म वाया गेल्या तर दहांचं कारण लिहावं लागायचं. त्या जाचाचा फायदा रुग्णाला मिळत होता, कारण फिल्म दोन्ही बाजूंनी कान पिळायची. कमी किरण दिले तरी पकडायची, जास्त दिले तरी पकडायची.

डिजिटल डिटेक्टर एकाच बाजूने कान पिळतो. किरण कमी पडले तर चित्र वाळू पसरल्यासारखं रवाळ दिसतं, रेडिऑलॉजिस्ट फोन करून विचारतात. जास्त झाले तर सॉफ्टवेअर उजेड-काळोख आपोआप जुळवून घेतं आणि चित्र उलट जास्त नितळ दिसतं. आता टेक्निशियनच्या जागी उभं राहून विचार करा. एमएएस, म्हणजे किरणांचं प्रमाण ठरवणारा आकडा, कमी ठेवला तर बोलणी बसतात, वाढवला तर कौतुक होतं. हात कुठे झुकेल? या आठवड्यात थोडा, पुढच्या महिन्यात आणखी थोडा. कुणी ठरवून करत नाही. डिजिटल आल्यावर अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी हा प्रकार नोंदवला आहे आणि त्यावर बरंच लिहिलंही आहे. तुम्ही ते माझ्याहून जास्त वाचलं असेल. पण माझ्या हाताला दिवसभरात ते कोण सांगणार? सांगू शकेल असं एकच जण माझ्यासमोर असतं, ते म्हणजे तुमचं यंत्र.

आमचा हात या कामात किती जुना आहे, तेही थोडं सांगते. रॉन्टगेनने 8 नोव्हेंबर 1895 ला हे किरण पाहिले आणि त्याच वर्षी डिसेंबरात बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यानंतरची वीसेक वर्षं नळीत थोडा वायू असायचा. नळी तापली, जुनी झाली की किरणांचा जोर आपोआप बदलायचा. जोर किती आहे हे बघायला काम करणारे स्वतःचाच हात किरणांत धरायचे. हाडं कशी दिसतात त्यावरून अंदाज घ्यायचा. त्या हातांची बोटं गेली, मग हात गेले, पुढे माणसं गेली. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली 1904 मध्ये असाच गेला. जर्मनीत हॅम्बुर्गला अशांचं स्मारक आहे. 1936 मध्ये ते उभं राहिलं तेव्हा त्यावर 169 नावं होती. पुढे ती वाढत गेली.

1913 मध्ये विल्यम कूलिज यांनी तापलेल्या तारेची नळी आणली. तारेतला प्रवाह एका नॉबने, व्होल्टेज दुसऱ्या नॉबने. किती किरण आणि किती जोराचे किरण, या दोन गोष्टी पहिल्यांदा वेगळ्या झाल्या. माझ्या कन्सोलवर एमए (प्रवाह) आणि केव्ही (व्होल्टेज) शेजारी-शेजारी आहेत ते त्या नळीमुळे. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण यंत्राच्या रचनेनेच माणसाचा हात किरणांतून बाहेर काढला. पाहण्यासाठी हात घालायची गरजच उरली नाही. मी तुमच्याकडे मागते आहे ते याच जातीचं काम आहे, आकाराने मात्र फार लहान.

डीआयचा आकडा मुख्य पडद्यावर, चित्राच्या शेजारी, चित्र उमटेल त्याच क्षणी दिसू द्या. मोठा. खोलीच्या दारातूनही वाचता येईल एवढा. नुसतं अधिक-उणे लिहू नका, शब्दांत लिहा: 'दुप्पट', 'चौपट', 'निम्मे'. आमच्याकडे नव्याने लागणाऱ्या मुलांना या आकड्यामागचं लॉगॅरिदम आठवत नाही, आणि आठवायची वेळही नसते. आकडा मर्यादेबाहेर गेला तर फोटो पुढे पाठवण्याआधी कारण विचारा. पाच-सहा कारणांतलं एक निवडायला दोन सेकंद लागतात. ही दोन सेकंदं मला परवडतात.

एक काळ असा होता की प्रत्येक कंपनीचा स्वतःचा आकडा होता. एकीचा आकडा किरण वाढले की वाढायचा, दुसरीचा किरण वाढले की कमी व्हायचा. मी दोन्हींवर काम केलं आहे. सकाळी एका यंत्रावर दोनशे म्हणजे ठीक, दुपारी फिरत्या यंत्रावर त्याच दोनशेचा अर्थ वेगळा. 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आणि सगळ्यांसाठी एकच मोजपट्टी आली. डीआय त्यातूनच आला. कुणीतरी बसून, भांडून, एकमत करून ते मानक लिहिलं असेल. त्यांच्या मेहनतीचं फळ तिसऱ्या पानाच्या तळाशी का पडून राहावं?

पण डीआयवरच थांबू नका. डिटेक्टरवर काय पोचलं एवढंच तो सांगतो. मुलाच्या अंगावर काय पडलं ते त्याला ठाऊक नसतं. मधे ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी, राहिली असेल तर ती बरेच किरण खाते. मग डिटेक्टरला हवे तेवढे पोचवायला अंगावर कितीतरी जास्त सोडावे लागतात, आणि डीआय मात्र शून्य, म्हणजे सगळं आलबेल. तान्ह्या बाळाच्या छातीला ग्रिड लागत नाही हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण काही यंत्रांत ती काढायला दोन्ही हातांचा जोर लागतो आणि काढलेली ग्रिड ठेवायला जागाच दिलेली नसते. टेबलावर ठेवली तर पडून वाकेल, वाकली तर भरून कोण देणार, म्हणून ती आतच राहते. ट्यूबच्या तोंडाशी डोस मोजणारं मीटर असलं तर हे लगेच उघडं पडतं. महागड्या यंत्रांवर ते असतं. स्वस्तातल्या यंत्रावर केव्ही, एमएएस आणि अंतरावरून काढलेला हिशेबाचा आकडा तरी दाखवता येईल. आणि ग्रिड ठेवायला एक खाच द्या. एवढ्याशा खाचेची किंमत काय ती तुम्हालाच माहीत, पण तिच्याअभावी काय होतं ते मी रोज पाहते.

कातरणीबद्दल मला मनापासून राग आहे. कॉलिमेटरची, म्हणजे किरणांचं क्षेत्र लहान-मोठं करणारी, पानं पूर्ण उघडी ठेवून फोटो काढायचा आणि नंतर माउसने कडा कापून छातीपुरतं चित्र पाठवायचं, ही सवय डिजिटलने लावली. पाठवलेल्या चित्रात नुसती छाती दिसते. बाळाचं डोकं, पोट, मांड्या, आजीची बोटंसुद्धा किरणांत होती, हे कुणाला दिसत नाही. फिल्मवर हे झाकता येत नसे. कुठवर उघडं ठेवलं होतं ते फिल्मच सांगायची. मला कापायची सोय हवी आहे, पण कापलेल्या चित्राच्या कडेला एक बारीक चौकट राहू द्या, जिच्यावरून मूळ क्षेत्र केवढं होतं ते कळेल. रेडिऑलॉजिस्टना एकदा ती चौकट दिसू लागली की पानं आपोआप मिटायला लागतील.

आणि नवीन रुग्णाचं नाव घातलं की यंत्र मोठ्या माणसावर उघडू नये. वय आम्ही नोंदणीतच लिहितो. आठ महिने लिहिलं आहे, मग यंत्राला ते वाचता का येत नाही? वय नसेल तर विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत ट्यूब तयार होऊ देऊ नये. बटण अर्धं दाबलं की अ‍ॅनोड फिरायला लागतो, पूर्ण दाबलं की किरण सुटतात, अंगठा उचलला की थांबतात. ही दोन टप्प्यांची रचना मला फार शहाणपणाची वाटते. त्या पहिल्या टप्प्यात हा एवढा प्रश्न मावतो.

आपोआप किरण थांबवणारी सोय तर आहेच, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि मोठ्यांसाठी ती उत्तम आहे. पण तिचे तीन मापक कक्ष मोठ्या माणसाच्या छातीच्या बेताने बसवलेले असतात. आठ महिन्यांच्या बाळाची छाती धड दोन कक्षही झाकत नाही. उघड्या कक्षावर थेट किरण पडले की फोटो अर्धवट तुटतो, मणक्याखालचा कक्ष निवडला गेला की लांबतो. म्हणून लहान मुलांना आम्ही हातानेच केव्ही-एमएएस लावतो. आमच्या यंत्रावर तान्ह्या बाळाला दीड-दोन एमएएस पुरतो. सगळ्यात नाजूक रुग्णाच्या वेळीच यंत्र मला एकटीला सोडतं, म्हणून निदान त्या वेळी तरी पडद्याने माझ्याशी बोलावं.

पालकांनी हे वाचून घाबरू नये. छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस फार थोडा असतो, मोठ्या माणसाला निसर्गातून काही दिवसांत मिळतो साधारण तेवढाच. त्या मुलीला एक्स-रेची गरज होती आणि त्यानेच तिचं दुखणं कळलं. डॉक्टरांनी सांगितलेला फोटो टाळू नका. पण मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, पुढे सगळं आयुष्य असतं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे तर एकाच महिन्यात कित्येक फोटो निघतात. चौपट म्हणजे तिथे प्रत्येक वेळी चौपट.

आकडा असतो पण कुणी पाहत नाही, याचा मोठा दाखला 2009 मध्ये अमेरिकेत मिळाला. लॉस एंजेलिसच्या एका नावाजलेल्या रुग्णालयात मेंदूच्या सीटी स्कॅनची सेटिंग बदलली गेली होती. अठरा महिन्यांत दोनशेहून जास्त रुग्णांना ठरल्याच्या आठपट डोस गेला. डोसचा आकडा कन्सोलवर येत होता. एका रुग्णाचे केस गळायला लागले तेव्हा प्रकार कळला. त्यानंतर मर्यादा ओलांडायच्या आधीच अडवून इशारा देणारी सोय सीटी यंत्रांत आणण्याचं मानक झालं. साध्या एक्स-रे यंत्राला तेवढी पायरी अजून का चढता आली नाही? आपल्या देशात सगळ्यात जास्त फोटो तर त्याच्यावरच निघतात.

दुसरा दाखला उपचाराच्या यंत्राचा आहे, निदानाच्या नाही. तरी कन्सोल करणाऱ्या प्रत्येकाने तो मनात ठेवावा असं मला वाटतं. कॅनडात बनलेल्या थेरॅक-25 या यंत्राने 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना प्रचंड डोस दिला, त्यातले काही दगावले. आधीच्या यंत्रात चूक अडवणारे प्रत्यक्ष कुलपासारखे अटकाव होते. या यंत्रात ते काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर ठेवला होता. पडद्यावर यायचं 'मालफंक्शन 54'. म्हणजे काय, ते चालवणाऱ्याला कळायची सोय नव्हती. असे संदेश दिवसातून अनेकदा यायचे आणि एक कळ दाबली की यंत्र पुढे जायचं. चालवणारी माणसं निष्काळजी नव्हती. संदेशाला अर्थ नसला की माणूस तो वाचायचं सोडतो. माझ्याही पडद्यावर असे संदेश येतात, आकडा आणि चार इंग्रजी अक्षरं. सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला की ते सांगतात, "ओके करा, मॅडम, काही नाही." मी ओके करते. लिहितानाही हे बरं वाटत नाही.

तुमचं यंत्र मराठीत बोलावं असा माझा आग्रह आहे. केव्ही, एमएएस, बकी हे शब्द आहेत तसेच राहू द्या, ते आमचेच झाले आहेत. पण 'ट्यूब तापली आहे, चार मिनिटं थांबा' हे वाक्य मराठीत यायला काय अडचण आहे? मोबाइलवर येतं, बँकेच्या एटीएमवर येतं.

या पत्राची एक प्रत टेंडरची तांत्रिक कलमं लिहिणाऱ्यांसाठीही आहे. मी पाहिलेल्या कलमांत किलोवॅट असतात, डिटेक्टरचा आकार असतो, ट्यूबची उष्णता सहन करण्याची क्षमता असते. डोस पडद्यावर कुठे आणि कसा दिसेल, यावर एक ओळही मला सापडली नाही. तुम्ही मागत नाही म्हणून ते देत नाहीत. यंत्राच्या प्रकाराला अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते, दर दोन वर्षांनी गुणवत्तेची तपासणी होते, आमच्या छातीवर किरण मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि दर तीन महिन्यांनी त्याचा अहवाल येतो. टेक्निशियनला वर्षाला किती, याला कायद्याने मर्यादा आहे. ही सगळी व्यवस्था मला आधाराची वाटते. तिच्यामुळे आमच्या पिढीतल्या कुणाची बोटं गेली नाहीत. पण बॅज मला किती मिळालं ते सांगतो. टेबलावरच्या मुलीला बॅज नसतो. तिचा अहवाल म्हणजे तो डीआय आणि तो डोसचा आकडा. तो रोज तयार होतो आणि रोज न वाचता साठवला जातो.

त्या संध्याकाळपासून मी एक वही ठेवली आहे. तारीख, वय, कुठला फोटो, केव्ही, एमएएस, ग्रिड होती की नाही, डीआय. नाव लिहीत नाही. प्रत्येक फोटोसाठी तिसऱ्या पानापर्यंत जायचं आणि हाताने उतरवून घ्यायचं. गर्दीच्या दिवशी संध्याकाळी उशीर होतो. पहिल्या महिन्यात मुलांच्या रकान्यात अधिकची चिन्हं दाट दिसतात, नंतर ती विरळ होत जातात. यंत्र तेच, खोली तीच, मीही तीच. फक्त आकडा रोज डोळ्यांखालून जायला लागला.

वहीची झेरॉक्स काढून ठेवली आहे. तुमच्यापैकी कुणाला पडदा पुन्हा मांडायला घेताना ती उपयोगी पडणार असेल तर मागवून घ्या, पोस्टाचा खर्च मी करेन. पहिल्या पानावर पहिलीच ओळ त्या मुलीची आहे: आठ महिने, छाती, ग्रिड होती, +6.

आपली,
एक एक्स-रे टेक्निशियन